उपचारात हलगर्जीपणा झाल्याचा संशय आल्यास काय करावे: महाराष्ट्रातील रुग्ण आणि नातेवाइकांसाठी मार्गदर्शक

रुग्णालयात आपल्या माणसाच्या बाबतीत काहीतरी गंभीर चुकले, असे वाटल्यावर कोणाकडे जायचे, काय मागायचे आणि कोणत्या मुदतीत मागायचे, हे बहुतेक कुटुंबांना ठाऊक नसते. माझ्या आईच्या उपचारांबाबत एका खासगी रुग्णालयाविरुद्ध मी ग्राहक आयोगात (ग्राहकांच्या तक्रारी ऐकून भरपाईचा आदेश देणारी यंत्रणा) आणि मेडिकल कौन्सिलकडे (डॉक्टरांच्या व्यावसायिक गैरवर्तनाची दखल घेणारी परिषद) तक्रार केली. तो सारा मार्ग चालताना जे समजले, ते इथे क्रमाने मांडतो आहे. मी वकील नाही, त्यामुळे प्रत्यक्ष तक्रार दाखल करण्यापूर्वी वैद्यकीय प्रकरणांचा अनुभव असलेल्या वकिलाला कागद जरूर दाखवा. मात्र वकिलाकडे जाण्याआधीचे बरेचसे काम तुम्हालाच करावे लागते आणि प्रकरण उभे राहणार की नाही हे त्याच कामावर ठरते. म्हणून आधी कागद हाती घ्या, कोणाविरुद्ध कुठे जायचे ते नंतर ठरवा. हा क्रम शक्यतो मोडू नका.

१. पहिल्याच आठवड्यात संपूर्ण नोंदी मागा

डिस्चार्ज कार्ड म्हणजे उपचारांच्या नोंदी नव्हेत. ते रुग्णालयाने शेवटी लिहिलेले एक-दोन पानांचे सार असते. खरी माहिती इनडोअर केस पेपरमध्ये, म्हणजे दाखल रुग्णाच्या रोजच्या नोंदींत असते: डॉक्टर कधी तपासून गेले, रक्तदाब कधी घसरला, परिचारिकेने कोणाला कळवले, औषध किती वाजता दिले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास डॉक्टरने पोच देऊन ७२ तासांच्या आत नोंदी उपलब्ध करून द्यायच्या असतात. याच विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून तीन वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे. २०२३ मध्ये नवे विनियम प्रसिद्ध झाले होते, परंतु ते त्याच महिन्यात स्थगित करण्यात आले आणि २००२ चेच पुन्हा लागू झाले. नोंदी गोपनीय असल्याचे सांगून खुद्द रुग्णालाच त्या नाकारता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केले आहे.

तोंडी मागणी करू नका. अर्जाचा मजकूर साधा असावा: ‘माझी आई अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्या रुग्णालयात दाखल होती. आंतररुग्ण क्रमांक अमुक. तिच्या उपचारांच्या संपूर्ण नोंदींच्या साक्षांकित प्रती ७२ तासांच्या आत मिळाव्यात. छायाप्रतींचा खर्च देण्यास मी तयार आहे.’ अर्जात आरोप, राग किंवा खटल्याचा इशारा नको. अर्ज रुग्णालयाच्या आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या, आणि तीच प्रत स्पीड पोस्टने व ईमेलनेही पाठवा. रुग्णालयाने शिक्का देण्यास नकार दिला, तर टपालाची पावती आणि ईमेल हाच पुरावा होतो.

मागायच्या आणि जमवायच्या कागदांची यादी अशी:

- दाखल होतानाची तपासणी नोंद आणि दररोजच्या उपचार नोंदी
- परिचारिकांचे चार्ट, औषधांचा चार्ट, आयसीयूचा चार्ट
- शस्त्रक्रियेची नोंद, भुलीची नोंद, शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी
- सही केलेली सर्व संमतीपत्रे
- रक्त, लघवी इत्यादी तपासण्यांचे अहवाल, एक्स-रे, सीटी व एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी
- बाहेरच्या तज्ज्ञांना बोलावले असल्यास त्यांचे अभिप्राय
- डिस्चार्ज कार्ड किंवा मृत्यूचा गोषवारा आणि मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र
- तपशीलवार बिल, आगाऊ भरलेल्या रकमांच्या पावत्या, विमा कंपनी किंवा टीपीएशी (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) झालेला पत्रव्यवहार
- औषध दुकानाची बिले आणि आधीच्या डॉक्टरांचे केस पेपर

प्रती हातात पडल्यावर तिथेच पाने मोजा आणि ‘एकूण इतकी पाने मिळाली’ असे लिहून दोन्ही बाजूंची सही घ्या. हे क्षुल्लक वाटेल, पण पुढे एखादे नवे पान आयोगासमोर आले, तर ते आधी दिले गेले नव्हते हे दाखवण्याचा दुसरा मार्ग तुमच्याकडे नसतो. मूळ फिल्म आणि मूळ पावत्या कोणालाही देऊ नका, दुसऱ्या डॉक्टरांनाही नाही. त्यांना प्रती द्या.

रुग्णाचा मृत्यू झाला असेल आणि मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल, तर एक निर्णय काही तासांतच घ्यावा लागतो, तो म्हणजे शवविच्छेदनाचा. अंत्यसंस्कारानंतर हा पुरावा कायमचा जातो. पोलिसांना लेखी कळवून, उपचार करणाऱ्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या शासकीय रुग्णालयात शवविच्छेदन व्हावे अशी विनंती करा. दुःखाच्या त्या क्षणी हे सुचवणेही घरात कठीण जाते, याची मला जाणीव आहे. तरीही घरातल्या कोणीतरी एकाने तो प्रश्न विचारायलाच हवा.

पुढचा इशारा मी मुद्दाम याच टप्प्यावर देतो आहे. रुग्णालयात आरडाओरडा, धक्काबुक्की, तोडफोड अजिबात होऊ देऊ नका. महाराष्ट्रात वैद्यकीय सेवेतील व्यक्ती आणि संस्था यांच्यावरील हिंसाचार रोखणारा २०१० चा कायदा आहे. त्यानुसार हा गुन्हा दखलपात्र (वॉरंटशिवाय अटक होऊ शकते असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) असून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई द्यावी लागते. शिवाय ज्या डॉक्टरने किंवा परिचारिकेने कदाचित खरे सांगितले असते, तीही माणसे अशा प्रसंगानंतर गप्प होतात.

२. घटनाक्रम लिहून काढा

आठवण फार लवकर धूसर होते. म्हणून तारीख आणि वेळेनिशी एक तक्ता तयार करा: काय घडले, तेव्हा कोण उपस्थित होते, कोण काय म्हणाले, त्याचा कागद कोणता. रुग्णाजवळ रात्री थांबलेल्या प्रत्येक नातेवाइकाला आपापली आठवण स्वतंत्रपणे लिहायला सांगा, कारण एकत्र बसून लिहिले की सगळ्यांच्या आठवणी एकसारख्या होतात. फोनमधील कॉलची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश, अहवालांचे फोटो जपून ठेवा आणि फोन बदलण्यापूर्वी त्यांची प्रत काढा. त्यानंतर तुमचा तक्ता रुग्णालयाच्या नोंदींशी ओळीने ताडून पाहा. ‘रात्री दोन वाजता डॉक्टरांनी तपासले’ असे केस पेपर म्हणतो आणि त्या वेळी तिथे बसलेली व्यक्ती कोणीच आले नाही असे सांगते, अशा विसंगती प्रकरणाचा कणा ठरतात.

३. हा कायद्याच्या दृष्टीने निष्काळजीपणा आहे का, हे तपासून घ्या

वाईट परिणाम झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला, असे कायदा मानत नाही. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी मांडली आहे: त्या शाखेतील सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरने जी काळजी घेतली असती, ती या डॉक्टरने घेतली का? दोन मान्य उपचारपद्धतींपैकी एक निवडली आणि ती यशस्वी झाली नाही, तर तो दोष ठरत नाही. तुम्हाला चार गोष्टी दाखवाव्या लागतात: डॉक्टरवर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते मोडले गेले, रुग्णाचे नुकसान झाले, आणि ते नुकसान त्या कर्तव्यभंगामुळेच झाले. बहुतेक तक्रारी चौथ्या मुद्द्यावर कोसळतात, कारण मूळ आजारामुळेच हे घडले असते असे रुग्णालय म्हणते आणि ते खोडून काढायला तज्ज्ञाचे मत लागते.

त्याच शाखेतील, शक्यतो दुसऱ्या शहरातील डॉक्टरांना सर्व कागद दाखवा. लेखी मत द्यायला अनेक डॉक्टर कचरतात. मग निदान तोंडी तरी समजून घ्या आणि त्यांनी सांगितलेले प्रश्न टिपून ठेवा. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले आहे. पोटात गॉज (शस्त्रक्रियेत वापरायचे जाळीदार कापड) राहणे किंवा चुकीच्या पायावर शस्त्रक्रिया होणे अशा घटनांत वस्तुस्थितीच पुरेशी बोलते. एरवी मात्र तज्ज्ञाच्या मताशिवाय पुढे जाऊ नका. आणि एखाद्या प्रामाणिक डॉक्टरने ‘इथे चूक झालेली दिसत नाही’ असे सांगितले, तर तेही शांतपणे ऐका.

संमतीचा मुद्दा वेगळा तपासा. केवळ तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे. रुग्णाचा जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज असेल तेवढाच त्याला अपवाद आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरने आवश्यक पात्रता नसताना अ‍ॅलोपॅथीची औषधे दिल्याच्या मुंबईतील प्रकरणात १९९६ मध्ये न्यायालयाने तेवढ्यावरूनच निष्काळजीपणा सिद्ध झाला असे मानले होते. म्हणून डॉक्टरची पदवी आणि नोंदणी क्रमांकही पाहून घ्या.

४. तुम्हाला नेमके काय हवे आहे, ते ठरवा

प्रत्येक यंत्रणा वेगळी गोष्ट देऊ शकते, आणि सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो. भरपाई हवी असेल, तर ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय. डॉक्टरच्या परवान्यावर कारवाई हवी असेल, तर मेडिकल कौन्सिल. तिथे एक रुपयाही भरपाई मिळत नाही. शिक्षा हवी असेल, तर फौजदारी मार्ग, ज्याची कसोटी सर्वांत कठोर आहे. बिलातील अवाजवी रकमा, दरपत्रक न लावणे, बिलासाठी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवणे यांसाठी नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालील स्थानिक प्राधिकारी असतो: महापालिका क्षेत्रात महापालिकेचा आरोग्य विभाग, इतरत्र जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा. या कायद्याच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद त्यात आली आहे. धर्मादाय रुग्णालयाने निर्धन किंवा दुर्बल घटकांतील रुग्णासाठी राखीव असलेल्या प्रत्येकी १० टक्के खाटांचा लाभ नाकारला असेल, तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते.

हे मार्ग एकाच वेळी वापरता येतात. मात्र सगळीकडे एकच मजकूर चिकटवू नका, आणि एका ठिकाणी केलेले विधान दुसऱ्या ठिकाणच्या विधानाशी विसंगत होणार नाही याची काळजी घ्या.

५. ग्राहक आयोगातील तक्रार

इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या १९९५ च्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यातून डॉक्टर वगळले गेले असा प्रचार झाला होता, पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. सर्वच रुग्णांवर पूर्णतः मोफत उपचार करणारी संस्था या कायद्याबाहेर राहते. परंतु काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयातील मोफत उपचार घेणारा रुग्णही ग्राहक ठरतो, आणि बिल विमा कंपनीने किंवा नोकरीच्या ठिकाणाने भरले असले तरी ती सेवा मोफत मानली जात नाही.

मुदत: घटनेपासून दोन वर्षे. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यावर विसंबू नका. गोव्याच्या शासकीय रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका महिलेवर १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. पुढे वर्षानुवर्षे पोट दुखत राहिले, २००२ मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत पोटातून गॉज निघाले आणि २००४ मध्ये तिने तक्रार केली. वैद्यकीय क्षेत्रातील व्यक्तीने इतकी वर्षे दुखत असताना आधीच तपासणी करून घ्यायला हवी होती, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती तक्रार मुदतबाह्य ठरवली. नुकसान उशिरा उघड झाले तर मुदत तेव्हापासून मोजता येते, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले, तरीही त्या महिलेला त्याचा लाभ मिळाला नाही. मला हा निकाल कठोर वाटतो, पण तो आहे आणि तुमच्याविरुद्ध वापरला जाईल. मेडिकल कौन्सिलचा किंवा पोलिसांचा निर्णय येईपर्यंत थांबू, असे म्हणत दोन वर्षे घालवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. त्या चौकशा सुरू असल्या तरी ही मुदत थांबत नाही.

कोणत्या आयोगात जायचे हे तुम्ही मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, तर उपचारांसाठी दिलेल्या रकमेवर ठरते. बिल ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग. चार लाखांचे बिल भरून ६० लाखांची भरपाई मागणारी तक्रारही जिल्हा आयोगातच दाखल होते. शुल्कही याच रकमेवर असते: पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० आणि पन्नास लाखांपर्यंत १,००० रुपये. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता, त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. पुण्यात उपचार घेतलेल्या लातूरच्या कुटुंबाला पुण्याला हेलपाटे घालण्याची गरज नाही. ई-जागृती या संकेतस्थळावरून ऑनलाइन तक्रार दाखल करता येते, आणि वकील देणे सक्तीचे नाही.

तक्रारीत रुग्णालयाला आणि ज्यांच्याविरुद्ध ठोस आरोप आहे त्या डॉक्टरांना विरुद्ध पक्ष करा. नेमका कोणता डॉक्टर चुकला हे तुम्हाला माहीत नसेल तरी तक्रार टिकते, कारण आपल्याकडच्या डॉक्टर व कर्मचाऱ्यांच्या कामाला रुग्णालय जबाबदार असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटले आहे. रागापोटी त्या मजल्यावरच्या प्रत्येकाचे नाव घालू नका. प्रत्येक नावामागे नोटीस बजावणी, वेगळा वकील आणि वेगळ्या तारखा येतात. भरपाईची रक्कम अंदाजाने लिहू नका. उपचारांचा खर्च, पुढील उपचारांचा खर्च, बुडालेले उत्पन्न, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च अशी विभागणी करून प्रत्येक आकड्यामागे कागद जोडा. सोबत घटनाक्रम, नोंदींच्या अनुक्रमित प्रती आणि शपथपत्र द्या.

नोटीस मिळाल्यानंतर विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यानंतर उत्तर स्वीकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवले आहे. त्यामुळे नोटीस बजावल्याची तारीख स्वतः नोंदवून ठेवा. कायद्यात निकालाची अपेक्षा काही महिन्यांची असली, तरी मनाची तयारी वर्षांची ठेवा. एका गाजलेल्या प्रकरणातील तक्रारदार कुणाल साहा यांची पत्नी अनुराधा यांचे १९९८ मध्ये कोलकात्यातील उपचारांनंतर मुंबईत निधन झाले. त्यांच्या तक्रारीचा अंतिम निकाल २०१३ मध्ये लागला आणि सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ५.९६ कोटी रुपये व व्याज देण्याचा आदेश दिला.

या काळात समेटाचा प्रस्ताव आला, तर कागद नीट वाचल्याशिवाय सही करू नका. बिलातील काही रक्कम परत करताना ‘आमची कोणतीही तक्रार उरलेली नाही’ अशी ओळ त्यात असते. तसेच डॉक्टरचे नाव घेऊन समाजमाध्यमांवर लिहिणे टाळा. बदनामीच्या दाव्याला उत्तर देण्यात तुमची शक्ती खर्च होते.

६. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल

अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरविरुद्धची व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार मुंबईतील या कौन्सिलकडे जाते. दंतवैद्य, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि परिचारिका यांच्यासाठी स्वतंत्र राज्य परिषदा आहेत. कौन्सिल ताकीद देऊ शकते, ठरावीक काळासाठी किंवा कायमचे नाव नोंदवहीतून काढू शकते. तक्रार डॉक्टरविरुद्ध असावी, रुग्णालयाविरुद्ध नको. सहा महिन्यांत निर्णय द्यावा असे विनियम सांगतात, पण प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, म्हणून ठरावीक काळाने लेखी स्मरणपत्रे पाठवत राहा. राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याच्या कलम ३० मध्ये अपिलाचा हक्क डॉक्टरसाठी नमूद आहे, रुग्णासाठी तसा स्पष्ट उल्लेख नाही. ही उणीव अन्यायकारक आहे, आणि म्हणूनच पहिल्या सुनावणीतच तुमचे सर्व कागद आणि तज्ज्ञाचे मत सादर झालेले असले पाहिजे.

७. पोलिसांत तक्रार

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास एरवी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, मात्र नोंदणीकृत डॉक्टरने वैद्यकीय प्रक्रिया करताना असे घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत आहे. जेकब मॅथ्यू निकालानुसार फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ, म्हणजे अत्यंत गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, आणि कारवाईपूर्वी पोलिसांनी शक्यतो शासकीय सेवेतील स्वतंत्र डॉक्टरचे मत घ्यायचे असते. म्हणून तक्रार देताच गुन्हा नोंदवला गेला नाही, तर गोंधळून जाऊ नका. तक्रारीची पोच घ्या, प्रकरण तज्ज्ञ समितीकडे कोणत्या पत्राने गेले ते विचारा, आणि काहीच हालचाल नसल्यास पोलिस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात लेखी कळवून त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. भरपाईसाठी दबाव म्हणून फौजदारी तक्रारीची धमकी कधीही देऊ नका.

८. शासकीय रुग्णालय असेल तर

पूर्ण मोफत सेवा असल्यास ग्राहक आयोगाचा मार्ग बहुधा बंद असतो. इथे माहितीचा अधिकार उपयोगी पडतो: दहा रुपये शुल्क भरून केस पेपर, ड्युटी रजिस्टर, यंत्रसामग्रीच्या देखभालीच्या नोंदी आणि अंतर्गत चौकशीचा अहवाल मागा. ३० दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करा. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. त्यापलीकडे दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयातील याचिका आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे.

९. वृद्धाश्रम, घरी येणारी परिचारिका, मानसिक आरोग्य संस्था

पैसे घेऊन सेवा देणारा वृद्धाश्रम किंवा आया-परिचारिका पुरवणारा ब्युरो हाही ग्राहक कायद्याखाली सेवा पुरवठादार आहे. इथली अडचण वेगळी असते, कारण केस पेपरसारखी नोंदच नसते. म्हणून ब्युरोशी लेखी करार करा, येणाऱ्या व्यक्तीच्या ओळखपत्राची प्रत घ्या, आणि औषधे, जेवण, कूस बदलणे यांची रोजची वही घरात ठेवा. अंगावर शय्याव्रण किंवा मारहाणीच्या खुणा दिसल्या, तर त्याच दिवशी तारखेसह फोटो काढून शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मुलांसाठी १०९८ या हेल्पलाइन आहेत. मानसिक आरोग्य संस्थेत रुग्णाला साखळीने बांधणे किंवा भूल न देता विजेचे झटके देणे याला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पूर्ण बंदी आहे. अशा तक्रारी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे न्याव्यात.

१०. आदेश मिळाल्यानंतर

जिल्हा ग्राहक आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. रक्कम देण्याचा आदेश झालेल्या पक्षाला अपील करण्यापूर्वी निम्मी रक्कम जमा करावी लागते, ती जमा झाली आहे का हे तपासा. आदेशाची साक्षांकित प्रत लगेच घ्या, कारण मुदतीची मोजणी आणि वसुली दोन्ही त्यावर चालतात. अपील नाही आणि पैसेही नाहीत, अशी स्थिती आली तर वसुलीसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. आयोग आपणहून तो सुरू करत नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे (दिवाणी न्यायालयाच्या निकालाप्रमाणे) अंमलबजावणी मागता येते, आणि कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किमान २५ हजार ते एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या अर्जात मूळ रकमेसोबत आदेशात दिलेल्या व्याजाचा अर्जाच्या तारखेपर्यंतचा हिशेब वेगळ्या पानावर जोडा आणि रुग्णालयाच्या बँक खात्याचा जो तपशील तुमच्या जुन्या पावत्यांवर असेल, तोही त्यात लिहा.